अ‍ॅम्बॅसेडरचे टॅपेट: आधी क्रम, मग गेज

"टॅपेट सेट करून आणले, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा टकटक सुरू." किंवा याच्या उलट: "आता इंजिन एकदम शांत झालंय, पण सिग्नलला उभं राहिलं की मिसिंग करतं आणि चढावर दम नाही." जुन्या अ‍ॅम्बॅसेडरवाल्यांच्या या दोन तक्रारी सतत कानावर येतात. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट स्क्रूने ठरवणं. टॅपेट एक तर कानाने लावलेले असतात, नाहीतर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, लावलेले असले तरी चुकीच्या क्षणी लावलेले असतात. पुशरॉड ही रॉकरला खालून ढकलणारी दांडी, आणि तिला उचलतो तो फिरता कॅम. कॅमचा उंचवटा पुशरॉडखाली थोडासा जरी आलेला असेल, तर तिथे मोजलेली फट कितीही बारकाईने मोजली तरी खोटी.

इथलं सगळं १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजबद्दल. नंतर आलेल्या इसुझू इंजिनाला किंवा डिझेलला यातले आकडे लावू नका.

काम कधी काढावं

दर दहा हजार किलोमीटरला फट तपासावी. गाडी फारशी चालत नसेल तर वर्षातून एकदा. हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून बसवलं असेल तर बसवताना एकदा आणि साधारण पाचशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा.

ट्यूनिंगमध्ये टॅपेटचा नंबर पहिला. आधी हेडचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आहेत याची खात्री, मग टॅपेट, मग प्लग आणि पॉइंट, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला तर केलेलं काम वाया जातं. हेड नंतर आवळलं की फट बदलते, आणि टॅपेट चुकीचे असताना कार्बोरेटर जुळवला की तो एका चुकीवर दुसरी चूक चढवून ठेवतो. स्लो (उभ्या गाडीत इंजिनाची संथ चाल) सुधारत नाही म्हणून महिनोन्महिने कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसलेले लोक आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा दोष टॅपेट कव्हरखाली असतो.

तयारी: काय जवळ हवं

- फिलर गेज, इंचाच्या मापाचा. आपल्याला लागणारी फट ०.०१५ इंच, म्हणजे पंधरा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). मिलिमीटरचा गेज असेल तर ०.३८. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना एकच माप. हे मूळ कॅमसाठी, थंड इंजिनावर. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिलेला असेल किंवा गरम इंजिनावर मोजायला सांगितलं असेल, तर पुस्तिकेचंच ऐका.
- लॉकनटसाठी अर्ध्या इंचाचा रिंग पाना. तेरा नंबरचा पाना वरकरणी बसतो, पण किंचित सैल राहतो आणि नटाचे कोपरे घासतो. बदललेले सुटे भाग बसवलेल्या गाड्यांवर कधी वेगळा नट भेटतो, म्हणून आधी पाना घालून पाहा. डुलत असेल तर वापरू नका.
- रुंद पात्याचा, स्क्रूच्या खाचेत गच्च बसणारा स्क्रू ड्रायव्हर.
- प्लग पाना आणि इंजिन फिरवण्यासाठी गाडीचं हँडल.
- टॅपेट कव्हरचं नवं कॉर्कचं पॅकिंग. जुनं चांगलं दिसलं तरी नवं आणून ठेवा. सुकलेलं कॉर्क कव्हर उचलताना हमखास तुटतं.
- स्वच्छ चिंध्या, खडू, कागद आणि पेन.

कागद-पेन हा यादीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. प्रत्येक व्हॉल्व्हची आधीची फट लिहून ठेवली नाही, तर इंजिनाच्या तब्येतीची निम्मी माहिती हातची जाते. ती कशी वापरायची ते शेवटी येईलच.

टप्पा १: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता काम काढा. "दोन तास झाले, बॉनेट गार लागतंय" हे पुरेसं नाही. हेडचं ओतीव लोखंड उष्णता बराच वेळ धरून ठेवतं. अर्धवट कोमट इंजिनावर पहिला आणि शेवटचा टॅपेट वेगवेगळ्या तापमानाला मोजले जातात, आणि मग एकही भरवशाचा राहत नाही.

गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना विटा लावून उभी करा. चावी काढून घ्या आणि बॅटरीची एक तार सोडवा.

टप्पा २: प्लग काढा, पण आधी खड्डे साफ करा

प्लगच्या वायरींवर सिलिंडरचे नंबर टाका. रेडिएटरकडून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्लग सैल करण्याआधी त्याच्या भोवतीची माती ब्रशने किंवा हवेने उडवून टाका. प्लग निघाल्याबरोबर तिथली वाळू सरळ सिलिंडरमध्ये उतरते.

चारही प्लग काढलेच पाहिजेत. कॉम्प्रेशन नसलं की इंजिन हाताने अलगद फिरतं आणि हवं तिथे थांबवता येतं. प्लग तसेच ठेवून फिरवायला गेलात तर इंजिन झटक्याने पुढे सरकतं आणि नेमकी जागा चुकते.

टप्पा ३: टॅपेट कव्हर उतरवा

एअर क्लीनर आणि ब्रीदरचा पाइप आड येत असतील तर बाजूला करा. कव्हर वरच्या दोन नटांवर असतं. नट, वाटीसारखा वॉशर आणि रबर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा. कव्हर चिकटलं असेल तर तळहाताने बाजूने थोपटा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं की कड वाकते, आणि वाकलेल्या कडेवर कोणतंही पॅकिंग तेल थांबवत नाही.

*सावधान:* कव्हर निघताच पुशरॉडची आणि तेल उतरण्याची भोकं उघडी पडतात. काम करत नसलेल्या भागावर चिंधी टाकून ठेवा. वॉशर किंवा कॉर्कचा तुकडा त्यात गेला तर तो थेट खाली उतरतो आणि मग ऑइल चेंबर काढण्याची वेळ येते.

*सावधान:* रॉकर शाफ्टच्या ठोकळ्यांचे नट उगाच सैल करू नका. या इंजिनात शाफ्ट धरणारे काही नट हेडही धरून असतात. ते सोडले की हेडचा दाब बिघडतो, आणि पाणी झिरपण्यापासून गॅस्केट जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. टॅपेटसाठी त्यांना हात लावायची गरजच नाही.

टप्पा ४: व्हॉल्व्हना नंबर द्या

रेडिएटरकडचा पहिला, फायरवॉलकडचा आठवा. हेडच्या कडेवर खडूने १ ते ८ लिहून टाका. पाठ असलं तरी लिहा. सहाव्या-सातव्या टॅपेटपर्यंत येईतो मोजण्यात गफलत होते.

यांतले १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट. दोन्हींना फट सारखीच असल्यामुळे मोजताना याने फरक पडत नाही, पण नोंदी वाचताना पडतो.

टप्पा ५: इंजिन फिरवण्याची सोय

हँडल सर्वांत उत्तम. समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, आणि फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीभोवती वळवू नका. प्लग काढलेले असताना हँडल उलटं मारणार नाही, पण ही सवय हाताला लागलेलीच बरी.

हँडल नसेल तर विटा काढा, हँडब्रेक सोडा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि सोबतच्या माणसाला थोडी थोडी पुढे ढकलायला सांगा. सपाट जमिनीवर हे छान जमतं. स्टार्टर मारून फिरवणं मात्र टाळा. त्याने इंजिन हव्या त्या जागी थांबत नाही आणि हात आत असताना कुणी बटण दाबण्याचा धोका वेगळा.

टप्पा ६: नऊचा हिशोब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे हा भाग घाई न करता वाचा.

"व्हॉल्व्ह बंद दिसला की फट मोजायची" ही समजूत अपुरी आहे. व्हॉल्व्ह बंद असतानाही कॅम चढणीच्या पायथ्याशी असू शकतो. फट मोजायची ती पुशरॉडखाली कॅमची गोल पाठ असताना, म्हणजे कॅमचं टोक नेमकं उलट्या दिशेला वळलेलं असताना. कॅम तर दिसत नाही. मग ते ओळखायचं जोडीच्या व्हॉल्व्हवरून.

पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या कामात क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याचं अंतर असतं. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून या दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट कॅम एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध तोंड करून असतात. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याच्या पुशरॉडखाली हमखास गोल पाठ. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरचंही तसंच, आणि इनलेटचंही तसंच. व्हॉल्व्हची रांग दोन्ही टोकांकडून सारखी असल्यामुळे प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते.

म्हणून नियम एवढाच: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा नंबर नऊमधून वजा करा. येईल तो टॅपेट सेट करा.

इंजिन सरळ दिशेने फिरवत गेलात तर क्रम असा येतो:

१. ८ उघडा, १ सेट करा
२. ६ उघडा, ३ सेट करा
३. ४ उघडा, ५ सेट करा
४. ७ उघडा, २ सेट करा
५. १ उघडा, ८ सेट करा
६. ३ उघडा, ६ सेट करा
७. ५ उघडा, ४ सेट करा
८. २ उघडा, ७ सेट करा

क्रँकच्या दोन फेऱ्यांत आठही होतात. हे जोडीजोडीने येतात याकडे लक्ष ठेवा. ८ पूर्ण दबल्यावर हँडल जरासं पुढे नेलं की ६ पूर्ण दबतो; त्यानंतर ४ यायला बराच फेरा जातो, आणि ४ नंतर ७ पुन्हा लगेच. हे माहीत नसलेला माणूस ८ वरून थेट ४ वर जातो आणि मधला निसटला हे त्याच्या लक्षातही येत नाही.

"पूर्ण उघडा" कसं ओळखायचं? त्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या टोपीवर नजर ठेवून हळू फिरवा. टोपी खाली जाते, क्षणभर थांबते, वर यायला लागते. थांबते तिथे थांबा. थोडं पुढेमागे झालं तरी बिघडत नाही, कारण कॅमची गोल पाठ बरीच रुंद असते. अंदाज पूर्ण चुकला तर मात्र बिघडतं.

*तपासणी:* जो टॅपेट सेट करणार आहात त्याचा पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवा. फट असेल तर तो सहज फिरतो. फिरत नसेल तर दोनच शक्यता: जागा चुकली आहे, किंवा टॅपेट आधीपासून घट्ट आहे. पहिली शक्यता नीट तपासल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

टप्पा ७: आधी मोजा, मग सोडा

लॉकनट सैल करण्याआधी आहे ती फट मोजून कागदावर लिहा. हे बहुतेक जण गाळतात.

गेजची पाती पुसून घ्या. तेलाने दोन पाती चिकटली की पंधराच्या जागी सतरा-अठरा लागतात आणि कळतही नाही. पात रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये घाला, पुशरॉडच्या बाजूला नाही. पात सपाट जायला हवी. तिरपी घातली तर तीच फट लहान भासते.

आता रिंग पान्याने लॉकनट अर्धा फेरा सैल करा. पंधराची पात फटीत ठेवून स्क्रू हळूहळू आवळा. पात ओढताना वहीच्या मिटलेल्या पानांतून कागद ओढल्यासारखा हलका विरोध जाणवला पाहिजे. अडकून वाकायला लागली तर घट्ट, नुसतीच सळसळत निघाली तर सैल.

टप्पा ८: लॉकनट आवळताना

स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जागेवर घट्ट धरून ठेवा आणि पान्याने नट आवळा. नट आवळताना स्क्रूला सोबत ओढून नेतो. म्हणून आवळण्याआधीची फट हा निकाल नव्हे, आवळल्यानंतरची फट हा निकाल. प्रत्येक टॅपेटला नट पूर्ण आवळून झाल्यावर पात पुन्हा घाला. एक-दोनदा बदल जाणवला की तुमच्या इंजिनात स्क्रू किती सरकतो हे हाताला कळतं, मग तेवढी सूट आधीच ठेवता येते.

*तपासणी:* चौदाची पात सहज गेली पाहिजे, सोळाची जाता कामा नये. दोन्ही पातींनी होकार दिला की पुढच्या व्हॉल्व्हवर जा.

संशय असेल तेव्हा किंचित सैल बरं, घट्ट नको. सैल टॅपेट आवाज करतो आणि झीज वाढवतो, पण तो आपलं अस्तित्व सांगत राहतो. घट्ट टॅपेट गप्प असतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, फट संपते, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, नीट बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर बसलेला असतानाच हेडला देतो. ते बसणंच बंद झालं की त्याची कड जळते. "आवाज अजिबात नको" म्हणून टॅपेट आवळून घेणाऱ्या ग्राहकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: या इंजिनाची हलकी, एकसारखी टिकटिक ही त्याची प्रकृतीच आहे. तिला रोग समजू नका.

माप बरोबर, तरी आवाज: रॉकरचा खड्डा

जुन्या इंजिनांत ही अडचण इतकी सर्रास आहे की तिला वेगळी जागा द्यायला हवी. वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून रॉकरच्या टोकाला दांडीच्या आकाराचा खड्डा पडतो. गेजची पात दांडीपेक्षा रुंद. ती खड्ड्याच्या काठांवर टेकते आणि खड्ड्याची खोली मोजलीच जात नाही. तुम्ही पंधरा लावता, प्रत्यक्षात फट वीस-बावीस असते.

खड्डा आहे का हे स्क्रूवरूनच कळू शकतं. या स्क्रूचा आटा इंचाला २४ फेऱ्यांचा, आणि रॉकर व्हॉल्व्हच्या बाजूला ती हालचाल साधारण १.४ पट करतो. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात फट सुमारे अठ्ठावन्न थाउने बदलते आणि पाव फेऱ्यात साधारण पंधराने. गोल पाठीवर असताना, पात न घालता, फट नुकती संपेल इतकाच स्क्रू हाताने आवळा. तिथून मागे फिरवत पंधराची पात घालून पाहा. पाव फेऱ्याच्या आसपास पात नीट बसली तर रॉकर ठीक. एक तृतीयांश फेरा किंवा त्याहून जास्त जावं लागलं तर खड्डा आहे.

कायमचा उपाय म्हणजे रॉकरचं तोंड मूळ गोलाईत घासून घेणं किंवा रॉकर बदलणं. शाफ्ट उतरवायचा तर हेडच्या नटांची वरची सूचना लक्षात ठेवा: आधी पाणी काढा, सगळे नट थोडे थोडे करून क्रमाने सैल करा, आणि परत बसवताना टॉर्क पाना लागेलच. ते होईपर्यंत त्या एका टॅपेटला शून्यापासून पाव फेरा मागे ही रीत वापरा.

रॉकर हाताने आडवा डुलतो का तेही आत्ताच पाहा. बुश झिजलेला असेल तर त्याचा आवाज टॅपेटसारखाच येतो, आणि तो स्क्रूने जाणार नाही.

टप्पा ९: दुसरी फेरी

आठही झाल्यावर हात धुवायची घाई नको. इंजिन पुन्हा दोन फेरे फिरवा आणि त्याच क्रमाने आठही फटी फक्त मोजा. एखादा नट आवळायचा राहिलेला असतो, एखादा सरकलेला असतो. हे काम फार वेळ खात नाही, आणि कव्हर पुन्हा उघडण्याचा त्रास वाचतो.

टप्पा १०: कव्हर बसवा

हेडची आणि कव्हरची कड दोन्ही पूर्ण साफ करा. नवं पॅकिंग कव्हरच्या बाजूला गॅस्केट शेलॅकने चिकटवा, हेडच्या बाजूला काही लावू नका. म्हणजे पुढच्या वेळी पॅकिंग शाबूत निघेल. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. कॉर्क दबलं की थांबा. तेल गळतं म्हणून आणखी आवळलं की कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

टप्पा ११: सुरू करून पाहा

प्लग, वायरी, ब्रीदर, बॅटरीची तार जागेवर लावा. आत चिंधी राहिली नाही ना, आणि हँडल काढलंय ना, हे बघा. इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या.

सगळ्यांचा आवाज एकसारखा यायला हवा. एकच वेगळा ठोकत असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरा आणि टोक कव्हरच्या वेगवेगळ्या जागी टेकवून तो शोधा. पंख्यापासून कपडे आणि हात लांब ठेवा. स्लोला सायलेन्सरमधून ठरावीक फटके येत असतील तर एखादा एक्झॉस्ट घट्ट राहिल्याचा संशय घ्या. कार्बोरेटरकडून उलटे फटके येत असतील तर इनलेट. दोन्ही प्रसंगी कार्बोरेटर न छेडता, इंजिन थंड करून पुन्हा मोजा.

कागदावरचे आकडे काय सांगतात

सगळ्यांच्या फटी थोड्या थोड्या वाढलेल्या असतील तर ती नेहमीची झीज. एकच फार वाढली असेल तर रॉकर, पुशरॉडचं टोक किंवा कॅम यांपैकी काहीतरी वेगाने झिजतंय. सेट करूनही तीच फट पुन्हा पुन्हा वाढत असेल तर ते काम स्क्रूचं राहिलेलं नाही.

फट कमी होत जाणं जास्त काळजीचं. एक्झॉस्टची फट दर तपासणीला घटलेली मिळाली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली खाली बसत चाललाय. भारतात २००० सालापासून शिसंविरहित पेट्रोलच मिळतं, आणि शिशाच्या थराचं जे संरक्षण जुन्या मऊ सीटना मिळायचं ते आता नाही. सतत हायवेवर, भरल्या गाडीने, घाटात पळणाऱ्या इंजिनांत हे लवकर दिसतं. अशी गाडी असेल तर तपासणी दहा हजारांऐवजी पाच हजारांवर आणा. पुढे कधी हेडचं काम निघेल तेव्हा चारही एक्झॉस्टना कडक सीट बसवून घ्या, आणि मशीनशॉपमध्ये हेड देताना या नोंदींचा कागद सोबत द्या. कोणत्या सिलिंडरकडे आधी बघायचं हे त्यांना त्यावरून कळेल.